तिच्या मनगटाचा फर्मा

आमच्या बाजूला कुणाचा फ्रिज बिघडला, की भंगारवाल्याच्या आधी मला निरोप येतो. मला फ्रिज नको असतो. त्याच्या पाठीमागं खाली काळा, तांब्याएवढा कॉम्प्रेसर असतो, तेवढा हवा असतो. त्याची एक नळी हवा ओढते, दुसरी सोडते. ओढणारी नळी जाड प्लास्टिकच्या पिशवीला जोडायची, पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं गच्च बंद करायचं आणि बटण दाबायचं. आतली हवा निघून गेली की बाहेरची हवा पिशवीला चारी बाजूंनी दाबून धरते. झाला व्हॅक्यूम प्रेस. लोक मोठं यंत्र बघायला म्हणून येतात आणि पडवीतली ती चपटी पिशवी बघून विचारतात, "येवडंच व्हय?" व्हय, येवडंच. तुमच्या डोस्क्यात काय विमान होतं का?

मी प्लायच्या कारखान्यात होतो. तिथं ओंडका फिरवत फिरवत त्याचं पातळ पान सोलून काढतात, त्याला व्हिनियर म्हणतात. तिथलं काम सुटलं तसा मी कुंभारवाड्याच्या पुढं, आमच्या घरी येऊन राहिलो आणि पडवीत हा धंदा मांडला. व्हिनियरची पानं गम लावून एकावर एक रचायची, लाकडी फर्म्यावर ठेवायची आणि सगळं पिशवीत घालून हवा काढायची. फर्मा जसा वाकडा तशी पानं वाकतात, आणि गम वाळला की तशीच राहतात. खुर्चीची पाठ, ट्रे, दिव्याची टोपी असलं सामान मी करतो. जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना जे लोक घरी ठेवून घेतात, ते माझ्याकडून नेतात. झाड तोडायचं नाही, त्यामुळं जंगलखात्याची कटकट नाही. फक्त कुठं बारीक फट राहिली आणि हवा शिरली, की सगळं मुसळ केरात.

हे आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे केलं ते बायकोच्या हातासाठी केलं आणि याच पिशवीत केलं.

ती खळ्यावर पडली. मळणी चालली होती, मी गम आणायला रामनगरला गेलो होतो. शेजाऱ्यांनी तिला जीपमध्ये घातलं, वाटेत खानापुरात तिचा भाऊ आणि वैनी चढले, आणि तिला बेळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले मेंदूत गुठळी झाली. आमच्याकडं म्हणतात अंगावरनं वारं गेलं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं गेलं. मी पोचलो तेव्हा ती काचेच्या दाराच्या आत होती. आत एकाच माणसाला सोडायचे. बाईजवळ बाई बरी म्हणून वैनीला सोडलं. मी जिन्यात बसून राहिलो. तिला वॉर्डात आणलं तेव्हाच मला ती दिसली.

घरी आणल्यावर मी तिचं सगळं करायला लागलो. पेज करायची, भरवायची, आंघोळ घालायची, वेणी घालायची. वेणी मला आधी येत नव्हती, आता येते. लोक बघायला येत आणि माझ्याकडं बघून म्हणत, "लई धीराचा हाय गडी." धीर कसला डोंबलाचा! मला काही वाटतच नव्हतं. वाईट वाटत नव्हतं, आणि वाईट वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. सकाळी उठायचं, चूल पेटवायची, तिला उठवायचं. कुणी म्हणालं, "रडून घे रे, मोकळा हो," तर मी म्हणायचो, "बरं." जेवताना मीठ कमी आहे का जास्त ते कळायचं नाही. तीही सांगायची नाही. मराठी, कोकणी, कन्नड तिन्हींत भांडणारी बाई, तिच्याजवळ दोनतीन शब्द उरले होते. त्यातला एक होता "नको."

उजवा हात दिवसेंदिवस आवळत चालला होता. मनगट आत वळलेलं, बोटं मुठीत. मूठ उघडून आतलं पुसायला मला अंगठा घालून एकेक बोट सोडवावं लागायचं, आणि सोडलं की परत मिटायची. तालुक्याच्या दवाखान्यातून व्यायाम शिकवणारी एक मुलगी स्कूटरवरून यायची. धारवाडकडची, तिशीच्या आतली, बोलायला फटकळ. तिला आम्ही सगळे व्यायामबाई म्हणायचो. तिनं मला स्पष्ट सांगितलं, "काका, हा हात काम करील का न्हाई मला ठाव न्हाई. पण उघडा ठेवला न्हाई तर आतल्या शिरा आखडून जातील. मंग मूठ कायमची. नखं तळव्यात घुसतील, कुजंल. आता हाय तोवरच हाय बगा." म्हणजे एवढंच होतं सगळं. हात उघडा राहतो का नाही. बाकी मोठ्या गोष्टींवर माझा काही इलाज चालत नव्हता.

हात उघडा धरायला दवाखान्यातून एक प्लास्टिकची पट्टी दिली होती. तळव्यापासून कोपराच्या अलीकडंपर्यंत जाणारी, खालून आधार देणारी, वरून पट्टे. एका सकाळी घरभर घाण वास सुटला. बघतो तर ती चुलीजवळ बसलेली, आणि चुलीत पट्टी. डाव्या हातानं ढकलली होती.

"अगं, ते जाळायचं असतं व्हय?" मी ओरडलो.

"नको," ती म्हणाली.

मला वाटलं प्लास्टिकनं घाम येतो, चावतं. आमच्याकडं पावसात भिंतीला घाम येतो, तिथं कातडीची काय कथा. म्हटलं, बरं, लाकडाची करतो. लाकूड श्वास घेतं. हलकी होईल, तिच्या मापाची होईल. आणि खरं सांगायचं तर मला तेवढं एकच येत होतं.

फणसाचा एक ठोकळा होता, त्याचा फर्मा केला. उजवी मूठ उघडून कागदावर धरता येईना, म्हणून तिचा डावा हात कागदावर ठेवून रेघ मारली आणि कागद उलटा केला. मनगट किती वर उचलायचं ते व्यायामबाईनं सांगितलं. फर्मा त्याहून जरा जास्त वाकवला, कारण पिशवीतून काढल्यावर लाकूड थोडं मागं सरकतं. कडा घासून घासून गोल केल्या. टोकदार कड राहिली तर पिशवी फाटते. व्हिनियरची पानं चुलीवरच्या माळ्यावर वाळवली. ओली पानं गम धरत नाहीत. मग पानांना गम, वर पातळ प्लास्टिक, त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा, म्हणजे हवेला सगळीकडून बाहेर यायला वाट राहते. बटण दाबलं. पिशवी सुरकुतत सुरकुतत खाली बसली आणि फर्म्याला चिकटली. त्या प्लास्टिकमधून तिच्या हाताचा आकार दिसायला लागला. मी बराच वेळ बघत बसलो. कॉम्प्रेसर घुर्र करत होता. तो चालू असेपर्यंत मला बरं असायचं. बरं म्हणजे काय, दुसरं काही ऐकू यायचं नाही.

पट्टी सुरेख निघाली. वर सागाचं पान होतं, त्याच्या रेषा बोटांकडं गेल्या होत्या. व्यायामबाईनं हातात घेऊन उलटसुलट बघितली, ठोकली आणि म्हणाली, "अय्यो काका, दवाखान्यापेक्षा बरी हाय की!" मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं असावं. मग तिनं हात उघडून पट्टीवर ठेवला आणि पट्टी मनगटाजवळ बसेना. तिथं बांगड्या होत्या. हिरव्या काचेच्या, वैनीनं घातलेल्या, घट्ट मापाच्या.

"अक्का, बांगड्या काढू या हं," व्यायामबाई म्हणाली.

बायकोनं डाव्या हातानं उजवा हात ओढला आणि काखेत घातला.

"वर सरकवू या मंग."

"नको."

मी म्हटलं, मी बघतो. व्यायामबाई गेल्यावर मी साबणाचं पाणी केलं, गोडीगुलाबीनं बोलत तिचा हात घेतला. हाताला सूज होती. बांगड्या वर जाईनात, तशा खालीही येईनात. मी जरा जोर केला आणि एक कट्कन फुटली. तिला काचेचं काही लागलं नाही, तो हात काही लागल्याचं सांगतच नाही. पण तिनं जी किंकाळी फोडली, आईशप्पथ, आजारापासून तिच्या घशातून इतका मोठा आवाज आला नव्हता. शेजारची बाई हातातलं पीठ घेऊन धावत आली. मी हातात काचेचे तुकडे घेऊन उभा, आणि ही अशी बघतेय माझ्याकडं, जसं काही मी गळाच दाबला.

संध्याकाळी वैनीचा फोन आला. तिला बातमी कुणी दिली कोण जाणे, आमच्याकडं रस्ता पोचायच्या आधी बातमी पोचते. ती म्हणाली, "फुटली म्हणू नये भावजी. वाढवली म्हणावं."

"वाढली कुठं? एक कमीच झाली!" मी म्हणालो. तिला ते आवडलं नाही.

वैनी दुसऱ्या दिवशीच्या बसनं आली, तसल्याच बांगड्या घेऊन, आणि हातावर तेल चोळून एक घालून गेली. घालताना बायको तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती. मला वाटलं राग आहे. त्यानंतर ती मला उजव्या हाताला हात लावू देईना. आंघोळीलासुद्धा तो हात छातीशी धरून बसायची. मूठ पुसता येईना. मुठीला वास यायला लागला. मी नाक मुरडलं नाही, उगीच कशाला खोटं बोलू, मला त्याचंही काही वाटलं नाही. फक्त व्यायामबाईचं बोलणं डोक्यात फिरायचं, आता हाय तोवरच हाय.

मग मी ठरवलं, बाई बांगड्या काढत नाही ना, तर पट्टीनंच वाट काढायची. मनगटाजवळ पट्टी कातडीपासून जरा लांब घ्यायची, पन्हळीसारखी खोलगट करायची, आणि बांगड्या त्या खोलगटात राहतील. सांगायला सोपं. व्हिनियर एका अंगानं वाकतं, कागदासारखं. कागदाची सुरळी होते. पण तोच कागद नारळाच्या करवंटीवर बसवून बघा, चुण्या पडतात. मनगटाला पट्टी लांबीतही वाकलेली आणि आडवीही. त्यात ही पन्हळ. पहिलं काढलं ते मधोमध तडकलेलं. दुसरं चुणी पडून फुगलेलं. त्यानंतरच्याला गम नीट लागला नाही, पानं सुटून आली. पाऊस लागून राहिला होता. माळ्यावर ठेवलेली पानं धुरानं काळी पडत, पण वाळत नसत.

आणि करंट! पिशवीतली हवा निघून नळीवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा खाली जातो न जातो तोच करंट जायचा. मग पिशवीत कुठूनतरी हवा मुंगीसारखी शिरायची. मी कान लावून फट शोधायचो, सापडली की चिकटपट्टी दाबायचो आणि लाईनमनच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. तो बिचारा कुठं डोंगरात पडलेली फांदी काढत असायचा. मी ओरडायचो ते ऐकायला घरात तीच होती. पडवीत माझ्याच हातच्या खुर्चीत बसून ती सगळं बघायची. एकदा करंट गेलेला असताना मी चिकटपट्टी आणायला आत गेलो. परत आलो तर ती खुर्चीतून पुढं वाकून डाव्या हाताचा तळवा पिशवीच्या कडेवर दाबून बसली होती. फट तिथंच होती. मला सापडली नव्हती, तिला ऐकू आली होती.

"तिथंच हाय व्हय?" मी विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

करंट येईपर्यंत तिनं हात काढला नाही. मी शेजारी बसलो. मला तेव्हाही डोळ्यात पाणी वगैरे आलं नाही. एवढंच वाटलं, की आता मी एकटा हे करत नाही.

शेवटी पानांच्या बारीक पट्ट्या कापल्या, जितक्या अरुंद तितक्या त्या वळतात. गरम पाण्यात भिजवून फर्म्यावर बांधल्या, वाळल्यावर गम लावून मग पिशवीत घातल्या. निघाली. पट्ट्या शेजारी शेजारी बसलेल्या, टोपलीच्या विणीसारख्या दिसत होत्या. बांगड्यांसाठी मनगटाजवळ खोलगट जागा. बायकोनं ती डाव्या हातात घेतली, त्या खोलगट भागात बोट फिरवलं. मग स्वतःच उजवा हात उचलून तिच्यात ठेवला. बांगड्या बरोबर आत बसल्या. तिनं मान हलवली. मी पट्टे बांधले. बोटं लांब झाली, तळवा दिसला. तळव्यावर नखांचे चार खड्डे होते. त्या दिवशी मी झोपलो तो सकाळी उन्हं आल्यावरच उठलो.

व्यायामबाई त्या आठवड्यात आली नाही, पुलावरून पाणी जात होतं. आली तेव्हा पट्टी बघून हसली, म्हणाली, "काका, बांगड्यांना घर बांदून दिलंत!" मग तिनं पट्टे सोडले आणि हसायची थांबली. मनगटाच्या आतल्या बाजूला बांगड्या रुतून जखम झाली होती. चांगली खोल, कडेनं पांढरी. पट्टी दाबत होती, बांगड्या रुतत होत्या, आणि तो हात कुणाला सांगणार? मी रोज पट्टी काढत होतो, मूठ पुसत होतो, पण बांगड्यांखाली बघत नव्हतो. तिथं हात लावायची सोयच नव्हती. व्यायामबाईनं जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बाजूला ठेवली. मग माझ्याशी न बोलता बायकोच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "अक्का, आता दोनातलं एकच. बांगड्या ऱ्हायल्या तर पट्टी घालता यायची न्हाई. पट्टी न्हाई तर हात मिटला. तुमीच सांगा." बायको जमिनीकडं बघत राहिली. व्यायामबाई स्कूटरवर बसली आणि गेली.

मग माझं डोकं फिरलं. इतके दिवस जे काही नव्हतं ते सगळं एकदम आलं, आणि आलं ते रागानंच. मी तिच्यासमोर उभा राहून ओरडलो. "कुनासाठी घालतीस ह्या बांगड्या? माझ्यासाठीच न्हवं? मंग मी सांगतोय, काढ! हात कुजवून घेतीस व्हय काचंसाठी? मी दिवसरात घासतोय, वाकवतोय, मरतोय हितं, आणि तू—" पुढं काय बोललो मला आठवत नाही. बरंच बोललो. पट्टी उचलून अंगणात फेकली. ती चिखलात पडली आणि पाऊस तिच्यावर पडत राहिला.

ती रडली नाही. तिनं डावा हात उचलला आणि उजव्या मनगटावर ठेवला. "दवाखाना," ती म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकला नव्हता. मग बराच वेळ तोंड नुसतं हलत राहिलं.

"डोळं... उगडलं." तिनं मनगटावर बोट फिरवलं. "हितं न्हाई." गळ्याला हात लावला. "न्हाई." कपाळावरून अंगठा आडवा ओढला, कुंकू पुसतात तसा. "न्हाई."

"व्हय," मी म्हटलं, "तपासायला काढतात गं सगळं. नर्सनं काढलं असंल. सगळ्यांचं काढतात."

तिनं मान हलवली. मी मधे बोलू नये असं. "वैनी," ती म्हणाली. "रडती. बगती आनि रडती." दम घेतला. "कोन... सांगंना." मग माझ्याकडं बोट केलं. "तुमी... न्हाई."

मी तिच्यासमोर खाली बसलो.

मला ते कळायला वेळ लागला, तेव्हा इथं नीट सांगतो. काचेच्या दाराच्या आत तिला शुद्ध आली तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांवर बांगड्या नव्हत्या, गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, कपाळ मोकळं होतं. शेजारी वैनी तिच्याकडं बघून पदर तोंडाला लावत होती. मी कुठंच नव्हतो. आमच्याकडच्या बाईला यावरून जे समजायचं ते ती समजली. विचारायला तोंड नव्हतं. तिला ऐकू येतंय हेच कुणाला ठाऊक नव्हतं, मग सांगणार कोण? मी जिन्यात बसलो होतो, चहा पीत होतो, आणि आत ती माझ्यामागं उरलेली बाई होऊन पडली होती. मग तिला वॉर्डात आणलं. वैनीनं रुमालातलं मंगळसूत्र काढून घातलं, बाहेरून हिरव्या बांगड्या आणून भरल्या, कुंकू लावलं. "बांगड्या," तिनं सांगितलं, "आनि लगीच... दारात. तुमी." वॉर्डात पुरुषांना सोडतात. मी दारातून आत आलो होतो.

आपला नवरा जिवंतच होता, हे तिला तेव्हाच कळलं असणार. ती काही खुळी नाही. पण बांगड्या गेल्या तेव्हा मी नव्हतो आणि बांगड्या आल्या तेव्हा मी आलो, हे तिनं डोळ्यांनी बघितलं होतं. डोक्यानं कळलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं यात ती कशावर विश्वास ठेवणार? प्लास्टिकची पट्टी चुलीत का गेली तेही मला आता कळलं, ती बांगड्यांच्या आड येत होती. त्यात मी एक बांगडी फोडली. ती त्या दिवशी हातासाठी किंचाळली नव्हती.

"रडाय..." ती म्हणाली आणि गालाला हात लावला, उजव्या, त्या न हलणाऱ्या गालाला. "यीना." तिला माझ्यासाठी रडायचं होतं आणि तेही जमलं नव्हतं. मी सगळ्या दिवसांत तिच्यासाठी एकदाही रडलो नव्हतो. इकडं ती माझं मरण भोगून बसली होती, आणि मी तिच्यापुढं बसून पेज भरवत होतो आणि मीठ कळत नाही म्हणत होतो. मला रडू आलं. मोठ्यानं आलं, नाकातोंडातून. लाज वाटली नाही. तिनं डाव्या हाताच्या बोटांनी माझं तोंड पुसलं, जरा जोरातच.

हात आजही काम करत नाही, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणी वाट बघत बसायला नको. पण तो मिटला नाही. जखम भरायला वेळ गेला. मग मी फणसाच्या त्या पहिल्या फर्म्यावरच नवी पट्टी केली, साधी, खोलगट भाग नसलेली, आणि ती रोज तिच्या हाताला असते. तळवा कोरडा असतो. नखांचे खड्डे गेले. व्यायामबाई म्हणते पुष्कळ झालं, आणि मलाही तसंच वाटतं.

पण त्या दिवशी ती जखम उघडी होती आणि बांगड्या तिच्यावरच होत्या. मी साबणाचं पाणी आणलं. तिनं हात मागं घेतला नाही आणि पुढंही केला नाही. मी म्हटलं, "हे बग. मी एक काढतो. काढली की तू माझ्याकडं बग. मी हाय का न्हाई ते तूच बग. न्हाई वाटलं तर दुसरी काढायची न्हाई. परत घालू."

पाऊस थांबून परत सुरू झाला. मग तिनं डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

मी घाई केली नाही. बोटं एकत्र दाबली, अंगठा आत घेतला, साबण लावत लावत पहिली बांगडी हाडावरून खाली आणली. ती निघाली तेव्हा तिनं वर बघितलं.

"हाय," मी म्हणालो.

दुसरी काढली. तिनं बघितलं. "हाय गं." तिसरीला सूज आड आली, बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती श्वास धरून बसली होती. निघाली. तिनं बघितलं. मी काही बोललो नाही तर तिचे डोळे मोठे झाले, तेव्हा मी घाईनं म्हणालो, "हाय, हाय."

अशा सगळ्या निघाल्या. त्या मी तिच्या पदरात ठेवत गेलो. शेवटची ठेवली तेव्हा तिनं तिकडं बघितलंसुद्धा नाही. मनगट मोकळं होतं, तिला त्यातलं काही कळत नव्हतं. ती माझ्याकडंच बघत होती, तोंडाकडं नाही, छातीकडं. या वेळी हाय म्हणून भागणार नाही हे मला समजलं. मी सदऱ्याची बटणं सोडली आणि तिला दिसेल असा श्वास घेतला.